निळ्या बाटलीला एक गाठ

उदगीरला चौबाऱ्याच्या मागच्या बोळात
मन्मथप्पा बिडव्यांची गच्ची.
गच्चीवर पाट, पाटावर बाटल्या:
तांबड्या, पिवळ्या, हिरव्या, निळ्या.
सकाळी दहाला पाणी भरून उन्हात ठेवायच्या,
चारला उतरवायच्या.
जिना उतरताना माझ्या परकरावर
चारी रंग हिंदकळायचे.
महिना साठ रुपये. मी सातवीत होते.

निळं पाणी डोक्याला, झोपेला.
तांबडं सांध्यांना. पिवळं पोटाला.
हिरवं, अप्पा म्हणायचे, मधल्या सगळ्या गोष्टींना,
ज्यांना चिठ्ठीवर लिहायला नाव नसतं.
काविळीचं माणूस आलं की मात्र
स्वतः रिक्षात घालून सरकारी दवाखान्यात.
"ऊन चांगलं आहे बाई,
पण ऊन डॉक्टरकीची परीक्षा पास नाही."

डाळमिलची शरणाबाई यायची.
रात्रभर कानात चाळणी फिरते, म्हणायची,
डोळा लागत नाही.
अप्पांनी बाटली उन्हाकडे धरली,
नीट निरखली,
"ही घ्या निळी," म्हणाले.
ती हिरवी होती.

मी काही बोलले नाही.
नऊ दिवसांनी शरणाबाई आली
ती मूठभर तूरडाळ पदरात बांधून.
झोपले, म्हणाली. चाळणी थांबली.

दुसऱ्या दिवशी शाळेतून येताना
मी वेणी पुढे घेतली.
अप्पा, माझ्या रिबनीचा रंग कोणता?
"राखाडी," अप्पा म्हणाले,
"आईला सांग, धुताना सोडा कमी घाल."
निळीशार होती. नवी. जत्रेतली.

त्या संध्याकाळी मकदूमचाचांच्या दुकानातून
कातरणीतला दोरा मागून आणला.
निळ्या बाटलीच्या गळ्याला एक गाठ,
हिरव्या बाटलीच्या गळ्याला दोन.
कशाला गं?
धरायला बरं पडतं, अप्पा. निसटत नाही.
अप्पांची बोटं आठवड्यात शिकली.
डोळे उन्हाकडेच धरायचे,
पेशंटसमोर,
अंगठा मात्र गाठीवर.

दीड वर्ष.

मग पौषात शिबिर लागलं नेत्राचं,
त्यांच्या मुलीने धरूनच नेलं.
पट्टी सुटली त्या दिवशी
अप्पा एकटे जिना चढून आले.
मी पाणी भरत होते.
बाटल्यांकडे बघायच्या आधी
त्यांनी शेजारच्या गच्चीवरचा पिंप बघितला,
साधा प्लास्टिकचा, तडा गेलेला.
मग चाचांचं दार. मग वर.
मग माझी वेणी, विटलेल्या रिबनीसकट.
"लई निळं दिसलालंय की गं,"
आवाज एवढासा झालेला,
"हे सगळं इतकं निळं होतं?"

मग पाटाशी बसले.
बाटल्या बघितल्या, एक एक.
दोरे बघितले.
गाठी मोजल्या, या खेपेला डोळ्यांनी.
मी कळशी धरून उभी.
पाणी पायावर सांडत होतं, थांबवलं नाही.

"शरणाबाई झोपली होती ना?"
झोपली होती, अप्पा.
"हिरव्यावर?"
हिरव्यावर.
बराच वेळ गेला. खाली कुणीतरी
खांदा धरून पायरीवर बसलेलं,
दुसरं कुणी त्याला विचारत होतं,
काल कसं होतं, आज कसं आहे.

अप्पांनी उजवा डोळा झाकला,
बाटली बघितली.
मग डावा झाकला, तीच बाटली.
पुन्हा उजवा. पुन्हा डावा.
जत्रेत बायोस्कोपला डोळा लावलेल्या
पोरासारखे हसले.

गाठी सोडू का, मी विचारलं.
"राहू दे," म्हणाले,
"दुसरा डोळा अजून जुनाच आहे."