डाव्या बाजूनं

गवळाऊ गाय, नाव चिमणाबाई.
तिच्या डाव्या डोळ्यातून कापसाची काडी फिरवली
तेव्हा ती हलली नाही, मी हलले.
बुबुळावर दुधाची साय धरावी तसं काहीतरी,
कडेला तीन माश्या, हाकलल्या तरी
माहेरी आल्यासारख्या परतणाऱ्या.

मंसाराम नेवारे म्हणाले, "नजर लागली जी हिले.
हिंगण्याच्या बाजारात एक मानूस लय पायत होता."
मी वहीत लिहिलं : लक्षणं अंदाजे सहा दिवस.
नजरेसाठी रकाना नव्हता.

मे महिना. सेमिनरी हिल्सवर
कूलरची वाळ्याची ताटी दुपारी एकलाच सुकते.
एसी फक्त यंत्राच्या खोलीत, यंत्रासाठी.
बशीत रात्रभर वाढलेल्या राखाडी वसाहती,
टाचणीच्या डोक्याएवढ्या.
मोरॅक्सेला. मला दरवेळी
कुणा दूरच्या आत्याचं नाव वाटतं.

मग यंत्र वाचत बसलं. दोन रात्री.
ए टी टी जी सी ए
सव्वीस लाख अक्षरं, ना काना ना मात्रा,
श्वास कुठे घ्यावा हे न सांगणारी एकच ओळ.
डोळ्यात तेल घालून बसले
आणि पहाटे माझाच डोळा लागला.

जाग आली तेव्हा पडद्यावर तो तुकडा होता,
उलटा फिरणारा.
आज असा वाचावा, उद्या तसा.
अंगावर कोणते केस उगवायचे,
बुबुळाला कशानं चिकटायचं, त्यावर ठरतं.
झोपेत कूस बदलावी इतक्या सहज पालटतो,
आणि आपण ओळखलेला तो राहत नाही.
मी लाल खूण केली. खूप वेळ बघत राहिले,
हिंगण्यातल्या त्या माणसासारखी.

ऑगस्टात अहवाल घेऊन गेले.
"पत्रिका निघाली का?"
निघाली, पण गाईची नाही, जंतूची.
"मंग लगन जमवा अन् धाडा त्याले सासरी."
हसलो. चिमणाबाईनं आवाजाकडे
अख्खी मान वळवली. डावीकडे आता
चुन्याचा ठिपका. औषधानं उजवा तेवढा वाचला.

गाई परतल्या. जन्मभर
गुरांच्या मागून चाललेला माणूस
तिच्या डाव्या बाजूनं चालत होता,
विजेच्या खांबापाशी तिच्या मानेवर हात ठेवून.
अहवाल माझ्या पिशवीतच.

फाटक लावता लावता त्यांनी विचारलं,
"माश्याइचं काय लिवलं जी त्याच्यात?"