बारा नंबरची बशी

ग्योटिंगेनच्या त्या तळघरात
वीबके दिवा लावत नाही.
लालसुद्धा नाही. जुन्या फोटोवाल्यांची युक्ती इथे निरुपयोगी,
या बुरशीला लालही दिसतो.
म्हणून बोटांनीच मोजते बशा:
अकरा, बारा, झाकणाला चिकटपट्टी, तेरा.

वर फ्रिजच्या तळच्या खणात तिने बिघडलेल्या सांभाळल्यात.
एकीला देठ वाढवणं कळतं, थांबणं कळत नाही,
नुसते उभे राठ केस.
एक देठाच्या टोकाला मणी ओवत बसते,
हिशेब मांडलेला, बीजाणू एक नाही.
तिसरी तिची लाडकी.
बीजाणू धरते, वेळेवर, रांगेत,
पण रंग चढत नाही, कवच पिकत नाही,
आणि स्वतःच्याच ओलाव्यात ते विरघळून जातात.

तीन जनुकं, वीबके सांगते.
पहिलं दुसऱ्याला उठवतं, दुसरं तिसऱ्याला,
काम उरकलं की तिसरंच पहिल्याला निजवतं.
मी विचारलं, पण हुकूम कोणाचा?
ती चष्मा पुसत राहिली.
हुकूम नाही. क्रम आहे.

हे झालं उजेडाचं.
अंधारात मखमल नावाचं एक प्रथिन
जोडीदाराला घेऊन केंद्रकात शिरतं
आणि तीच बुरशी, तीच अक्षरं,
हिरवं लिहिणं आवरतं घेते,
खसखशीएवढ्या बंद कोठ्या बांधायला घेते.
आत जांभळट लाल, आठ-आठच्या पिशव्या.
घाई नसते तिला. रात्र लांब आहे असं धरून चालते.

मंगळवारी त्यार्कने कपाटाचं दार ओढलं,
लागलं नाही.
बोटभर फट, आणि बोळातला दिवा रात्रंदिवस जळता.
पुढच्या बुधवारी बारा नंबर वर आणली
तर मधोमध हिरवा पट्टा,
दोन्ही बाजूंना पिवळट, त्यात काळे ठिपके.
बुरशीने दाराची फट काढली होती,
थोडी तिरकी, जशी होती तशी.

त्यार्क कानापर्यंत लाल.
फेकून देऊ?
वीबकेने पट्टी मागितली. नऊ मिलिमीटर.
मग भिंगाखाली बराच वेळ ती कडेवरच थांबली,
जिथे एकाच धाग्यातल्या दोन शेजारणी,
मधल्या भिंतीला भोक, रस एकमेकींत वाहता,
तरी एकीने सकाळ धरलेली,
दुसरीने रात्र.
ऐकू गेलं नसेल का पलीकडचं?
की गेलं, आणि तरीही?

वहीत तिने एकच शब्द लिहिला: दार.
ही बशी बिघडलेली नव्हती,
तरी ठेवली त्याच खणात, लाडकीशेजारी.
त्यार्कला म्हणाली, जेवून ये.
आणि खाली जाऊन, अंधारात,
कपाटाचं दार दोनदा ढकलून पाहिलं.