एकेकानं

साखरप्याच्या वर, धनगरवाड्याच्या वाटेवर
धाकलू गोरुले थांबला. वहाळ बघा, म्हणाला,
सकाळी लाल होता, आता आटलाय.
पाऊस तर तसाच कोसळतोय.

वर कुठेतरी डोंगर पाणी गिळून बसला होता.

ऐनाची झाडं कालपेक्षा वाकलेली.
मातीत भेग. त्यानं काठी घातली,
मुठीपर्यंत गेली.

मग एकेकाला सोडलं. बोलायचं नाही,
जाणाऱ्यावरची नजर काढायची नाही.
"गेलाच, तर खणायचं कुठे
ते ठाऊक हवं."

माझी पाळी शेवटची.
पाठीवर धाकलूचे, समोरून आठ जणांचे डोळे.
एवढं कुणी मला
आजवर पाहिलं नव्हतं.

पलीकडे पोचून वळलो.
बाकीचे शाळेच्या पडवीकडे पळालेले.
धाकलू अजून त्याच बाजूला,
आणि त्याच्याकडे बघायला
मी एकटा.