बाहेरचा रुपया

वडील नाशिकरोडच्या प्रेसमध्ये, नंबर मारायच्या यंत्रावर.
एकोणसाठ साली त्यांचं पत्र आलं शारजाला:
'तुमच्या खाडीसाठी वेगळा रुपया काढलाय. लाल.
नंबराआधी झेड. इकडे चालत नाही.
हातात आला तर वास घेऊन बघ.'

घेतला. सुरमईचा वास, घामाचा, वेलदोड्याचा.
वडिलांचा नाही.
ते रोज गेटवर झडती देऊन घरी जात,
बोटांची शाईसुद्धा धुऊन.

तोलारामशेटच्या पेढीत माझं टेबल, पाण्याकडे तोंड करून.
गल्ल्याच्या खालच्या खणात चांदीची एक ऑस्ट्रियन राणी,
मरून दोनशे वर्षं होत आलेली,
डोंगरातले लोक अजून तिच्यावरच विश्वास ठेवत.

समोर कहवाखाना. ऊन कललं की रेडिओवर कैरो गरजायचं.
मधेच तळावरून इंग्रजांचं विमान उठायचं,
तेवढी वाक्यं कुणालाच ऐकू यायची नाहीत,
माना मात्र सगळे डोलवत राहायचे.

मग कैरोकडची माणसं आली, दुर्बिणी, फिती, वह्या घेऊन.
रस्ता देतो, वीज देतो, विहीर देतो, आपण भाऊ.
महिन्याभरात इंग्रजाची थैली सैल झाली.
रस्ता आम्ही, वीज आम्ही, विहीर तर आम्हीच, आपण मित्र.
आमच्या मागच्या मैदानात एकाच विहिरीच्या दोन खुंट्या,
दीड हाताच्या अंतरावर.
पाणी दोन्हींच्या खाली नव्हतं.
एकीला मिफ्ताहची शेळी बांधलेली असायची.

मिफ्ताह. त्याचा बाप मोत्यांसाठी बुडायचा.
एकदा बुडाला तो राहिलाच खाली,
कर्ज मात्र वर आलं.
ते फेडून झाल्यावर हा तळावर झाडू मारू लागला,
आणि होडीच्या इंजिनासाठी बिस्किटांच्या डब्यात
लाल नोटा साठवू लागला.

पासष्टच्या उन्हाळ्यात शेख बदलला.
एक विमानात बसला, दुसरा गादीवर.
कैरोने दोन दिवस शिव्या घातल्या.
मी तारखेचा शिक्का एक घर पुढे सरकवला.
आमच्याकडे म्हणतात, ह्याला बाहेरचं लागलंय.
अख्ख्या गावाला लागलं तर उतारा कुणी टाकायचा,
आणि कुठल्या तिठ्यावर?

सहासष्टचा जून. सहा तारीख.
मिफ्ताहने डबा टेबलावर उपडा केला. सातशे. मोजून सातशे.
मी म्हटलं, काल होते.
आज ह्यातले दोनशे पंचावन्न गेले.
'डब्याला कुलूप होतं.'
हो.
'कोणी नेले? इंग्रजाने?'
नाही.
'कैरोने?'
नाही.
तो थांबला. रेडिओवर कुणीतरी बाजारभाव वाचत होतं.
मी हळूच म्हटलं, दिल्लीत ठरलं. आमच्याकडे.

तेव्हा त्याने माझ्याकडे पाहिलं.
सात वर्षं मी त्याच्याच चटईवर बसून खजूर खाल्ले होते,
त्याच्या शेळीला नाव मी ठेवलं होतं, ठमी.
तो माझ्याकडे तसंच बघत होता
जसं झाडू मारताना तळावरच्या गोऱ्या साहेबाकडे बघायचा.
रागाने नाही. नुसतं नीट,
पुन्हा भेटल्यास ओळखता यावं म्हणून.

पुढे सौदीचे रियाल आले, मग कतार-दुबईचे.
एकाहत्तरच्या डिसेंबरात निशाण उतरलं, गाणी झाली,
आणि क्षितिजावर राखाडी रंगाची दुसरी जहाजं
काही न बोलता उभी राहिली.
वडिलांनी लिहिलं, झेडचं काम बंद.
आता आम्हाला कॅलेंडरच्या तारखाही नंबरासारख्या दिसतात.

परवा नातवाने फोनवर दाखवलं:
तीच लाल नोट लिलावात, किंमत लाखांत.
माझ्याकडे एक आहे. विकत नाही.
तिच्या मागे पेन्सिलीने लिहिलंय,
अक्षर माझंच, पण आता पुसट:

मिफ्ताह बिन फरज. येणे दोनशे पंचावन्न.

कुणाकडून, ती जागा तेव्हा कोरी सोडली होती.