निरंक

मोहिनी सैंदाणे, मुक्काम बेटावद,
तुझी फाइल माझ्याकडे एकोणीस महिने आहे.
हे मी अभिमानाने सांगत नाही.

अर्जात रकाने असतात :
उपकरणे. रसायने. काचसामान. क्षेत्रभेटी.
प्रत्येकापुढे तू लिहिलंस, निरंक.
खाली 'इतर'मध्ये :
कागद, खडू आणि वेळ.
वेळ हे हेड आमच्याकडे नाही.
वरून शेरा आला, खर्चच नाही तर निधी कशाला?
मी तो टाचणीनं लावला.
टाचणी लावणं हे माझं काम.

केमिस्ट्रीवाल्यांचं बरं असतं.
त्यांचं यंत्र लाकडी खोक्यातून येतं,
त्याला नंबर पडतो, धूळ बसते,
ऑडिटवाला हात लावतो, आहे म्हणतो.
तुझ्या कामाला हात कुठे लावायचा?

मे महिन्यात तू खिडकीशी आलीस.
जळगाव शेहेचाळीसवर होतं,
कूलरातल्या पाण्याचा चहा झाला असता.
रात्री डाळमिलमध्ये पोती मोजतेस म्हणालीस,
सकाळी नववीच्या क्लासला सूत्रं घोकून घेतेस,
मधले दोन तास गणिताचे.
कसलं गणित, मी विचारलं.
पावतीच्या पाठीवर तू एक गाठ काढलीस.
ही सुटत नाही, हे दाखवायचंय.
आईही विचारते म्हणे,
"सुटत नही, ते मंग करस कसाले?"
आपण दोघं हसलो. रांगेत कुणीतरी खाकरलं.
पावती मी ठेवून घेतली. नियमात बसत नाही.

मग एका रविवारी पोरांना घेऊन पाटणला गेलो,
चाळीसगावच्या पुढे, डोंगराच्या कुशीत.
तिथल्या जुन्या लेखाबद्दल
एक मास्तर कुणाला तरी सांगत होते,
आठशे वर्षांपूर्वी इथे गणिताचा मठ होता
आणि बाजारानं त्याला नेमणूक दिली होती.
जितके घाणे फिरतील
तितक्यांमागे पळी पळी तेल.

मी तेल्याचा पोर, मोहिनी.
नगरदेवळ्याला आमचा घाणा होता,
बैलाच्या डोळ्यांवर झापड, वडलांच्या हातात पळी.
मापावर चार थेंब ते जास्तच टाकायचे,
म्हणायचे, थेंबांनी घाणा बुडत नाही.
त्या तेलाचं उपयोगिता प्रमाणपत्र कुणी दिलं असेल?
जळलं. एवढंच.
त्या उजेडात कुणी काय मोजलं
ते घाण्याच्या बैलाला कसं कळावं,
आणि मला तरी.

सोमवारी शेऱ्याखाली लिहिलं :
वेळ हेच उपकरण समजावे.
साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं,
'समजावे'खाली रेघ मारली, सही केली.
एकोणीसपैकी सात महिन्यांचे पैसे सुटले.
बाराचं विचारू नकोस, ते मार्चअखेर परत गेले.

काल तू आलीस. मला वाटलं, पेढे.
एकतिसाव्या पानावर चूक निघाली म्हणालीस,
तीन वर्षांचं काम, एका 'म्हणून'मध्ये अडकलेलं.
पण चेहरा पडलेला नव्हता.
चूक कुठंय ते आता कळलं, असं म्हणालीस,
घरातला साप कुठल्या कोनाड्यात आहे
ते कळल्यावर माणूस बोलतो तशी.
आणि मुदतवाढीचा फॉर्म मागितलास.

फॉर्म चार पानी.
रकाना सहा : आजवरची निष्पत्ती.
तू पेन टेकवलंस, थांबलीस.
मी खिडकीतून हात बाहेर काढला.
निरंक लिहू नको, बाई.
लिही, चूक सापडली.
पान एकतीस.