बंद पडण्याची वही

मलगौडा म्हणाला, आधी लिहून ठेव.
कधी पडतो, काय चालू होतं, पंख्याचा आवाज कसला.
म्हणून डिंकाच्या बाटलीशेजारी
दोनशे पानी वही.

सोमवार, अकरा वीस. चिखलव्हाळेंची लग्नपत्रिका.
नवरीच्या नावावर कर्सर, आणि पडदा निळा.
मंगळवार, काही नाही. दिवसभर शहाण्यासारखा.
बुधवार, सोसायटीची नोटीस, कन्नडमध्ये,
दुसऱ्याच ओळीत खलास.
गुरुवार, बाजार. दोनदा.

प्रेसमध्ये येईल तो निदान करून जातो.
कोण म्हणतं, मराठी फॉन्ट जुना, त्यानंच.
कोण म्हणतं, कन्नड घातलास मा, तेव्हापासनं.
एक दिवस दोन्ही काढले,
नुसत्या आकड्यांचं, वजनकाट्याचं पावतीपुस्तक लावलं.
सातशे बेचाळीसाव्या पावतीला पडला.
तेवढं एक प्रकरण मिटलं.

मलगौडा आला की पडत नाही.
दोन चहा होतात. तो गुडघ्यावर हात ठेवून
'नोडूण' म्हणतो, 'तडी' म्हणतो,
मशीन आपलं गुणगुणत राहतं.
तो संकेश्वरच्या बसमध्ये चढला
की पडदा काळा.

शेवटी पेटीच उघडली.
आत तंबाखू.
निपाणीच्या वखारींतनं उडून आलेली, अकरा वर्षांची,
पंख्याच्या पात्यांवर मऊ, तपकिरी.
त्याला सलग सात शिंका. मला एकही नाही.

मेमरीच्या दोन पट्ट्या.
माझ्या पोरीच्या खोडरबरानं त्यांचे सोनेरी दात घासले.
एक लावून दोन दिवस, दुसरी लावून दोन दिवस.
एकेकटी चालते, दोघी मिळून चालत नाहीत
असं काहीतरी निघेल म्हणून मी वाट बघत होते, खरं
दोन्ही चांगल्या निघाल्या.

मग बोर्डाच्या कोपऱ्यात तीन कपॅसिटर,
करंगळीच्या पेराएवढे.
दोघांची डोकी सपाट. तिसऱ्याचं किंचित फुगलेलं,
टाळूवर गंजासारखा थेंब.
'ह्याचं काम काय,' मलगौडा म्हणाला,
'करंट वर-खाली झाला तर पोटात घ्यायचं.
कुणाला कळू द्यायचं नाही.
तापला की आता जमत नाही त्याला.'
आणि कावीय पेटवून गप्प बसला.

कपॅसिटरचे पाच रुपये. त्याचे अडीचशे,
बसभाडं धरून.

पत्रिका पोचत्या झाल्या, लग्नही झालं.
वहीत अजून लिहिते. शनिवार, काही नाही.
रविवार बंद. सोमवार, काही नाही.
तो फुगलेला मी खणात ठेवलाय, टाचण्यांच्या डबीत.
कधीतरी कानाशी धरून हलवते.
आत काहीच वाजत नाही.