चटई क्षेत्र

पत्ता आता मेट्रोच्या पिलरच्या नंबरवरून सांगतात.
आधी सांगत, गोळीबार चौकातून आत,
मागांचा खडखडाट जिथे संपतो
तिथे हिरवा पडदा.

न्यू प्रभात परमिट रूम.
पाटीवरचा ‘न्यू’ आधी उडाला, मग ‘प्रभात’.
परमिट तेवढं उरलं.

मी बँकेची व्हॅल्युअर.
भिंतीवर लाल ठिपका टाकते, यंत्र आकडा दाखवतं.
बिल्डरला कर्ज हवंय, शिवहरेंना सुटका.
वर सात मजले, खाली पार्किंग.

पडद्यापर्यंत मी शंभरदा आलेली.
आत, आज पहिल्यांदा.

आई पाठवायची.
“बोलाव त्यायले. भात थंडा होऊन राह्यला म्हणा.”
पोरीने आत जायचं नाही,
म्हणून मी नालीवरच्या फरशीवर उभी.
पडदा जमिनीच्या वीतभर वर संपायचा.
खालून नुसते पाय दिसत,
मिलवाल्यांचे बूट, रिक्षावाल्यांच्या भेगा,
आणि बाबांची चप्पल:
अंगठा तुटलेला, निळ्या सुताने बांधलेला.
सूत मागावरचंच.
ती हलली की समजायचं, निघाले.
बहुतेकदा हलायची नाही.
चैनलाल वेटर पुडीत फुटाणे आणून द्यायचा,
“खा बेटा, येऊनच राह्यले.”
पुडी संपायची.

लांबी एकतीस फूट चार इंच.
रुंदी अकरा.
कूलरच्या खसमध्ये चिमणीने काड्या कोंबल्यात.
भर दुपारी तीन म्हातारे, तीन क्वार्टर,
बोलणं नाही. एकाने
ग्लास उचलून ठिपक्याला वाट दिली.

ऑफिसातल्या पोरी शुक्रवारी धरमपेठेत जातात, मीही.
चौदा नळ, बिअरमध्ये संत्र्याची साल,
वेटर आधी स्वतःचं नाव सांगतो.
तिथे काच आहे, पडदा नाही.
बाहेर कोणाची पोरगी उभी नसते.
हे चांगलंच आहे. मी बिल भरते, टिप ठेवते.

या जागेबद्दल हळहळ वाटावी
असं तिने आमच्यासाठी काही केलेलं नाही.
आमचे दोन माग इथेच विरघळले,
एक दिवाळीआधी, एक नंतर.

“निनावेभाऊची पोरगी न तुमी?”
चैनलालचे दात गेलेत, खांद्यावरचा टॉवेल मात्र आहे.
“बसा न बाई. मोजणं होते मंग.”
फुटाणे आणले, आता पुडी नाही, स्टीलची प्लेट, वर कांदा.
“थे तिकडं बसत. कोपऱ्यात. तोंड दरवाज्याकडं.”

मी बसले तिथे.
तोंड दरवाज्याकडे.

पडदा तसाच, वीतभर आखूड.
खालून रस्ता दिसतो,
एक सायकलचं चाक, कुत्र्याचे पंजे,
नालीवरची ती फरशी, चिरली आहे आता,
फरशीवर ऊन.
तिथे कोणी उभं असतं
तर त्याचे पाय अगदी स्वच्छ दिसले असते.
पायांतल्या पट्ट्या. धुळीने भरलेली नखं.
किती वेळ उभे आहेत, तेही.

फॉर्ममध्ये एक रकाना राहिला होता:
जागेचा सध्याचा वापर.
यंत्र चालूच होतं,
लाल ठिपका पडद्यावर थरथरत होता
आणि कुठलाच आकडा स्थिर येईना.